कापलेलं पातं उडत नाही

"डाळिंब फोडल्याशिवाय दाणा कळत नाही." सटाण्याच्या बाजार समितीत हे वाक्य कुणी उच्चारलं तर त्यावर वाद घालायला माणूस मिळणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यात डाळिंबाने घरं उभी केली, तेल्या रोगाने बागा उपटायला लावल्या, लोकांनी पुन्हा लागवडी केल्या. या सगळ्या उलाढालीत व्यापाऱ्याची रीत मात्र बदलली नाही. क्रेटमधलं एक फळ उचलायचं, फोडायचं, दाण्याचा रंग बघायचा आणि मग भाव बोलायचा. बाहेरून झळकणारं फळ आतून काळं निघू शकतं, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

माझे एक ज्येष्ठ मित्र आहेत. उभं आयुष्य यंत्रशाळेत गेलेलं. मायक्रोमीटर न लावता पत्र्याची जाडी सांगतील असा हात. ओझरच्या एचएएल विमान कारखान्याचा विषय निघाला होता. तिथे सुखोई बनली, त्यांचं ओव्हरहॉल तिथे होतं, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये तिथल्या नव्या जुळणी साखळीतलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. बोलता बोलता गाडी इंजिनावर आली, इंजिनावरून टर्बाइनच्या पात्यांवर आली, आणि पात्यांवरचा सिरॅमिक लेप न खरवडता, न कापता, नुसत्या प्रकाशाने तपासता येतो असं मी म्हणताच त्यांनी डाळिंबाचं वाक्य माझ्या अंगावर फेकलं. बसलेल्या चारचौघांनी माना डोलावल्या. वाक्य पटण्यासारखं आहे, म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा.

त्यांची बाजू मी पातळ करून मांडत नाही. ते म्हणतात, पांढऱ्याफटक लेपाच्या मागे काय चाललंय ते बाहेरून दिसणं शक्य नाही. खात्री हवी तर एक पातं कापा, घासा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. ते म्हणतात, एरवी तासांचा हिशेब ठेवा. ठरलेले तास भरले की जुना लेप उतरवून नवा चढवा, वाद मिटला. आणि शेवटचा बाण असा, की समजा कळलं लेप सुटत चाललाय, तर त्या क्षणी तुम्ही करणार काय? तिन्ही मुद्दे कारखान्यात वावरलेल्या माणसाचे आहेत, ऐकीव नाहीत. तरीही तिन्ही टिकत नाहीत.

आधी हा लेप म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातून निघणारा वायू दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला असतो. त्याच्या तोंडाशी फिरणारं पातं निकेलच्या मिश्रधातूचं असतं आणि तो मिश्रधातू तेराशे अंशांच्या आगेमागे वितळू लागतो. म्हणजे पातं आपल्या वितळण्याच्या तापमानाहून जास्त तापलेल्या झोतात मिनिटाला हजारो फेरे घेतं. ते टिकतं दोन गोष्टींवर: पात्याच्या पोटातून खेळवलेली थंड हवा आणि अंगावरचा पांढरा लेप. लेप झिर्कोनियाचा, त्यात वजनाने सात-आठ टक्के यिट्रिया. नुसतं झिर्कोनिया चालत नाही, कारण तापून थंड होताना, अकराशे-बाराशे अंशांच्या खाली आलं की त्याची स्फटिकरचना बदलते, ते एकदम चार-पाच टक्के फुगतं आणि स्वतःलाच फोडतं. यिट्रिया त्याला आवरून धरतं. हे प्रमाण सहा ते आठ टक्क्यांच्या दरम्यान सर्वांत टिकाऊ ठरतं, हे १९७०च्या दशकात नासाच्या क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेत स्टेकुरा यांनी नमुन्यामागून नमुने तापवून, थंड करून, पोपडे निघेपर्यंत छळून शोधलं. तेव्हा तोडफोडीच्या चाचणीला या विद्येत मान आहेच. तो मी नाकारत नाही. वाद तिच्या जागेबद्दल आहे.

लेपाची जाडी किती? मिलिमीटरच्या आठव्या भागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. एवढ्याशा थरात शंभर-दीडशे अंशांचा उतार पडतो. हा लेप धातूवर थेट बसत नाही. मध्ये ॲल्युमिनियमयुक्त धातूचा एक जोडथर असतो. झिर्कोनिया उष्णता अडवतं, प्राणवायू मात्र अडवत नाही. तो आरपार जातो आणि जोडथरातल्या ॲल्युमिनियमला गाठून तिथे ॲल्युमिनाची पापुद्र्यासारखी पातळ साय धरवतो. ही साय सुरुवातीला राखणदार असते. पण ती वाढत जाते, काही मायक्रॉनची होते, आणि खरा घोळ इंजिन थंड होताना होतो. खालचा धातू जास्त आकसतो, साय तेवढी आकसू शकत नाही, म्हणून ती भयंकर दाबली जाते. हा दाब तीन-चार गिगापास्कलपर्यंत पोचतो, म्हणजे आपल्या अंगावरच्या हवेच्या दाबाच्या तीस-चाळीस हजार पट. दर उड्डाणाला एक चक्र. साय हळूहळू सुरकुतते, सुरकुतीच्या माथ्यावर बारीक चिरा पडतात, चिरा एकमेकींना मिळतात आणि एक दिवस वरचा पांढरा लेप पोपड्यासारखा निघून येतो. उघडं पडलेलं पातं मग फार काळ तग धरत नाही.

दुखणं लेपाच्या पोटावर नसून पाठीला आहे, हे इथे ध्यानात ठेवायचं. पोपडा पडेपर्यंत वरून लेप गुळगुळीत, निर्मळ दिसतो. मित्र म्हणतात तसं बाहेरून बघून कळत नाही, हे साध्या डोळ्यापुरतं शंभर टक्के खरं आहे. पण त्यावरून प्रकाशाने कळत नाही हा निष्कर्ष ते काढतात, तिथे त्यांचा पाय घसरतो.

झिर्कोनिया मुळात अपारदर्शक नाहीच. सराफाच्या दुकानात अमेरिकन डायमंड म्हणून जो खडा विकला जातो तो स्थिर केलेलं झिर्कोनियाच असतो, बहुधा यिट्रियानेच स्थिर केलेलं. काचेहून स्वच्छ. पात्यावर तेच द्रव्य पांढरं दिसतं, कारण त्यात बारीक पोकळ्या आणि फटी ठेवलेल्या असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो. विखुरतो, पण संपत नाही; त्यातला काही भाग तळापर्यंत पोचतो. इलेक्ट्रॉनच्या झोताने वाफ करून चढवलेल्या लेपात झिर्कोनियाचे अगदी बारीक खांब धातूवर उभे राहिलेले असतात, तिथे तर प्रकाशाला खांबांमधून वाटच मिळते.

आता तळाशी असलेल्या त्या ॲल्युमिनाच्या सायीकडे या. मिश्रधातूतल्या क्रोमियमचा किंचित अंश तिच्यात शिरलेला असतो. ॲल्युमिनात क्रोमियम मिसळलं की त्याला आपण माणिक म्हणतो. थिओडोर मेमनने १९६०च्या मे महिन्यात जगातला पहिला लेझर पेटवला तो अशाच माणकाच्या कांडीतून, आणि त्याचा लालभडक प्रकाश ६९४ नॅनोमीटरच्या आसपास होता. पात्यावर हिरव्या लेझरचा ठिपका टाकला की तो झिर्कोनियातून खाली उतरतो, सायीतल्या क्रोमियमला चाळवतो आणि तिथून नेमका हाच गडद लाल प्रकाश परत वर येतो. वर्णपटात त्याच्या दोन रेषा शेजारी शेजारी दिसतात, एक ६९३च्या आणि दुसरी ६९४ नॅनोमीटरच्या जवळ. माणकावर दाब आला की या रेषा जागच्या हलतात, अधिक लाल बाजूला सरकतात. हिऱ्यांच्या ऐरणींमध्ये पदार्थ दाबणारे भौतिकशास्त्रज्ञ १९७०च्या दशकापासून माणकाचा असाच दाबमापक म्हणून उपयोग करत आलेत. पात्यातल्या सायीवरच्या प्रचंड दाबानेही रेषा एक नॅनोमीटरच्या आतच सरकते, पण चांगल्या वर्णपटमापकाला तेवढं पुरे. जिथे साय घट्ट चिकटलेली आहे तिथे दाब पूर्ण, रेषा पुरती सरकलेली. जिथे चीर पडून साय मोकळी झाली तिथे दाब उतरलेला, रेषा मूळ जागेकडे परतलेली. एकाच ठिपक्यात दोन्ही प्रकारच्या रेषा एकत्र दिसल्या तर समजायचं, इथे सुटायला सुरुवात झालीय. लेप अजून जागेवर आहे, वरून काहीही दिसत नाही, आणि तरी पाठीचं दुखणं कळलं. अमेरिकेत डेव्हिड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत लेपांवर वापरून दाखवली. कनेटिकट विद्यापीठात गेल आणि जॉर्डन यांच्या गटाने तिच्यावरून लेपाचं उरलेलं आयुष्य अंदाजण्यापर्यंत मजल मारली.

पर्याय एवढा एकच आहे असंही नाही. झिर्कोनिया अवरक्त प्रकाशाला, म्हणजे तीन ते पाच मायक्रॉनच्या पट्ट्यात, बरंच जास्त पारदर्शक असतं. लेपाखाली हवेची फट पडली की त्या फटीवरून हा प्रकाश जास्त परततो आणि कॅमेऱ्यात तो डाग उजळ दिसतो. किंवा क्षणभर दिव्याचा झोत टाकून लेप तापवायचा आणि उष्णता कुठे तुंबते ते औष्णिक कॅमेऱ्याने बघायचं; फट असलेली जागा उशिरा थंड होते. झिर्कोनियाची स्फटिकरचना बिघडू लागली आहे का हे रामन वर्णपटाने कळतं. "हे सगळे परदेशी थेर" असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की हा रामन म्हणजे १९२८ साली कोलकात्यात प्रकाशाच्या विखुरण्यातला नवा परिणाम शोधणारे आपलेच सर चंद्रशेखर वेंकट रामन.

आता कापण्याकडे वळू. मित्रांना कापलेल्या तुकड्यात सत्य उघडं पडतं असं वाटतं. पातं कापलेलं मी बघितलंय, म्हणून सांगतो. हिऱ्याची धार असलेली चक्ती ठिसूळ लेपातून फिरते तेव्हा ती स्वतः चिरा पाडते. मग तुकडा रेझिनमध्ये बसवायचा, खरखरीत कागदापासून हिऱ्याच्या बारीक लेपापर्यंत पायरीपायरीने घासायचा. या घासण्यात सिरॅमिकचे कण उपटून येतात आणि खळगे राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे खळगे लेपातल्या मूळ पोकळ्यांसारखेच दिसतात. म्हणून जाणकार आधी निर्वातात रेझिन शोषवून लेप भरून घेतात, म्हणजे निदान कुठला खळगा जुना आणि कुठला आपल्या हातचा हे ओळखता यावं. एवढं करूनही दोन प्रयोगशाळांना एकाच लेपाच्या सच्छिद्रतेचे वेगवेगळे आकडे मिळू शकतात, आणि फरक लेपात नसतो, घासणाऱ्या हातात असतो. तेव्हा ज्याला ते अंतिम पुरावा म्हणतात तो पुरावाच आधी साक्षीदाराला मारहाण करून मिळवलेला असतो.

पण यापेक्षा मोठी गोष्ट साधी आहे. जे पातं कापलं त्याबद्दल आपल्याला सगळं कळलं, आणि ते आता कधीच उडणार नाही. इंजिनात जी बसवली जाणार आहेत त्यांच्याबद्दल फक्त अनुमान उरलं. बाजार समितीत हे चालतं, कारण क्रेटमधली फळं एकाच बागेतली, एकाच बहाराची असतात आणि एखादं फळ वाया गेलं तर बिघडत नाही. पात्यांचं तसं नाही. लेप चढवणाऱ्या कारखान्यात पात्यांबरोबर एक छोटा सपाट तुकडाही लेपून घेतात आणि तो कापतात. ही चांगली शिस्त आहे. पण सपाट तुकड्यावर लेप कसा बसला यावरून पात्याच्या वळलेल्या पुढच्या कडेवर, थंड हवेच्या बारीक भोकांच्या तोंडाशी, बुडाच्या खोबणीत तो कसा बसला हे सांगणं धाडसाचं आहे. आणि पोपडे बहुधा अशाच अडचणीच्या जागी आधी निघतात.

तासांच्या हिशेबाचा मुद्दा याहून कच्चा आहे, कारण तो सगळी इंजिनं सारखीच झिजतात असं गृहीत धरतो. लेपाचं नुकसान तापलेल्या अवस्थेत कमी आणि थंड होताना जास्त होतं, हे वर आलंच. मग सलग चालणारं टर्बाइन आणि रोज बंद-चालू होणारं टर्बाइन यांचे तास सारखे कसे मोजायचे? उरणसारख्या वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राचाच विचार करा: आठवडाभर न थांबता फिरलेल्या यंत्राने आणि रोज संध्याकाळची मागणी भागवून थांबणाऱ्या यंत्राने तासांच्या वहीत सारखीच नोंद केली, तरी दुसऱ्याच्या लेपाने कितीतरी जास्त वेळा आकसण्याचा मार खाल्लेला असतो. वीजकेंद्रांत तासांबरोबर सुरू करण्याच्या वेळाही मोजतात ते यासाठीच. म्हणजे नुसते तास पुरत नाहीत हे उद्योगाने केव्हाच मान्य केलंय. फक्त आमच्या कट्ट्यावर ती बातमी पोचायची आहे.

आणि धूळ? हा भाग आमच्या घरचा, बागलाणचा आहे. साल्हेर, मुल्हेर, मांगी-तुंगी, या सगळ्या डोंगरांचा दगड एकच, दख्खनचा काळा बेसाल्ट. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे, कळसूबाईखालोखाल महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आणि राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि तो सगळाच्या सगळा लाव्ह्याच्या थरांचा. या दगडात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका, तेरा-चौदा टक्के ॲल्युमिना, दहाएक टक्के चुना आणि पाच-सहा टक्के मॅग्नेशिया असतं. इंजिनवाल्यांना झिर्कोनियाच्या लेपाचा वैरी म्हणून जी काच माहीत आहे ती याच चार ऑक्साइडांची असते. धूळ इंजिनात ओढली जाते, बाराशे अंशांच्या आसपास वितळते, लेपाच्या फटींमध्ये पाझरते आणि थंड झाली की तिथे घट्ट काच होऊन बसते. ज्या फटी लेपाला लवचिकपणा देत होत्या त्या भरून गेल्या. लेप ताठर झाला. पुढच्या थंडाव्यात सोसणं संपलं. ज्वालामुखीच्या राखेने १९८२च्या जून महिन्यात ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ची चारही इंजिनं जावा बेटाजवळ बंद पाडली होती. मुंबई, क्वालालंपूरचे थांबे घेत ऑकलंडला जायचं असलेलं ते विमान होतं; इंजिनांच्या गरम भागावर राखेची काच चढली होती, आणि नशीब बलवत्तर म्हणून राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली. राख आणि धूळ यांत मात्रेचा फरक असेल, रसायनाचा फारसा नाही. समुद्रावरून उडणारं इंजिन आणि मे महिन्यात मातीच्या लोटांतून उडणारं इंजिन यांना तासांच्या एकाच फूटपट्टीने मोजायचं, आणि वर याला खबरदारी म्हणायचं! यात दोन्हीकडे तोटा आहे. समुद्रावरच्या इंजिनाचा धडधाकट लेप आपण विनाकारण उतरवतो, आणि धुळीतल्या इंजिनाचा मेलेला लेप तास भरायचे आहेत म्हणून तसाच फिरवतो.

इथे एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर मित्र ती माझ्याकडून ओढून काढतील. प्लाझ्माच्या झोताने फवारलेला जाड लेप प्रकाशाला फार विखुरतो; माणकाच्या रेषा तिथे मंदावतात आणि आकडे डळमळतात. धुळीची काच चढलेल्या लेपातून आत बघणं त्याहून अवघड. लेझरचा ठिपका लहान असतो, संपूर्ण पात्याचा नकाशा काढायला वेळ लागतो. हे सगळं खरं आहे. पण यातून निघतं काय? तर अशा लेपासाठी अवरक्त किंवा औष्णिक पद्धत घ्यावी, कुठल्या लेपाला कुठला प्रकाश हे ठरवावं. प्रकाशच सोडून द्यावा असं यातून निघत नाही.

राहिला तिसरा बाण: कळून तरी करणार काय? या प्रश्नाचं उत्तर मला तत्त्वाने द्यायचं नाही, कारण ते जगाला किंमत मोजून मिळालेलं आहे.

१६ जानेवारी २००३ला नासाचं कोलंबिया हे शटल यान उडालं. उड्डाणानंतर ऐंशीएक सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा पाऊण किलोच्या आसपासचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. ही कडा कार्बनची, वर सिलिकॉन कार्बाइडच्या सिरॅमिकचं कवच. जमिनीवरच्या चित्रफितीत धडक दिसली होती. अभियंत्यांनी मागणी केली, संरक्षण खात्याच्या उपग्रहांकडून किंवा दुर्बिणींतून कक्षेतल्या यानाचे फोटो घ्या. ही मागणी वरच्या पातळीवर थांबवली गेली. फोटो घेतले तरी कक्षेत दुरुस्ती थोडीच करता येणार आहे, हा विचार त्या वेळच्या चर्चांमध्ये घोटाळत होता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. अपघाताच्या चौकशी मंडळासाठी जुलैमध्ये सॅन अँटोनिओत तसाच फोमचा तुकडा तशाच कडेवर तोफेतून मारून बघितला, तेव्हा चाळीस सेंटिमीटरच्या आसपासचं भगदाड पडलं. आणि करणार काय या प्रश्नालाही मंडळाने उत्तर शोधलं. कोलंबियावरचा साठा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ताणता आला असता, अटलांटिस यान तयारीत होतं, ते घाईने वर पाठवून माणसं सोडवणं अवघड पण करण्याजोगं होतं, असं अहवाल सांगतो. अट एकच, नुकसान लवकर कळायला हवं होतं. म्हणजे "कळून काय करणार" हे मत आपोआप खरं ठरलं ते न बघितल्यामुळे.

त्यानंतर काय झालं तेही बघा. २००५पासून प्रत्येक शटल अंतराळस्थानकाजवळ आलं की पोट स्थानकाकडे करून एक संथ कोलांटी मारू लागलं, आणि स्थानकातले अंतराळवीर ४०० आणि ८०० मिलिमीटरच्या लेन्सनी त्याच्या सिरॅमिक फरश्यांचे शेकडो फोटो टिपू लागले. यानाच्या यांत्रिक हाताला लांब दांडा जोडून त्याच्या टोकाला लेझर बसवला, तो फरश्यांचा खोलगटपणा मोजायचा. ऑगस्ट २००७मध्ये एन्डेव्हरच्या पोटावर एक खळगा सापडला, लांबी नऊएक सेंटिमीटर, फरशी जवळजवळ तळापर्यंत गेलेली. नेमकं माप नसतं तर असा डाग बघून धाबं दणाणलं असतं आणि धोक्याची अवकाशफेरी करून दुरुस्तीचा घाट घातला गेला असता. इथे लेझरने त्रिमितीय माप घेतलं, जमिनीवर तसाच खळगा पाडलेल्या फरशीवर उष्ण वायूचा झोत सोडून बघितला, आणि ठरलं, दुरुस्ती नको. यान सुखरूप उतरलं. मित्रांना वाटतं तपासणी म्हणजे फक्त वाईट बातमी. ती कधी कधी "हात लावू नका" असंही सांगते, आणि विमान व्यवसायात या तीन शब्दांची किंमत फार मोठी असते.

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे जरा. कॅमेरा लावला की झालं, संगणक चित्र वाचेल आणि निकाल देईल, असं सांगणारे विक्रेते हल्ली सगळीकडे फिरतात. त्यांना डिसेंबर १९८८च्या अटलांटिसची गोष्ट सांगायला हवी. गुप्त लष्करी मोहीम होती. उड्डाणात बूस्टरच्या टोकावरचा तुकडा सुटून पोटाखालच्या फरश्यांवर आपटला. चालकदलाने यांत्रिक हाताच्या कॅमेऱ्यातून नुकसान बघितलं, कमांडर गिब्सन हादरले. पण मोहीम गुप्त असल्याने चित्रं सांकेतिक रूपात, अतिशय धूसर खाली गेली, आणि ती बघून जमिनीवरच्या लोकांनी ठरवलं, हा तर उजेड-सावलीचा खेळ आहे. यान उतरलं तेव्हा सातशेहून जास्त फरश्या जखमी निघाल्या. एक तर पूर्ण गेलेली. तिच्या मागे नेमकी ॲन्टेनाची जाड धातूची पट्टी होती म्हणून पोट जळून आरपार भोक पडलं नाही. धूसर चित्र आणि ठाम मत यांची जोडी न बघण्याइतकीच घातक असते. बोअरस्कोप, म्हणजे नळीसारखी दुर्बीण, इंजिनाच्या आत घालून काढलेला चकचकीत फोटोदेखील निघून गेलेला पोपडा दाखवतो. निघायच्या बेतात असलेला नाही. फोटोला तपासणी म्हणणारा विक्रेता आणि कापल्याशिवाय विश्वास न ठेवणारे माझे मित्र, दोघेही पृष्ठभागावरच अडकलेले आहेत. एक त्यावर भाळलाय, दुसरे त्यावर चिडलेत.

खर्चाचं रडगाणं शेवटी येतंच. "हे अमेरिकेला परवडतं." हिरवा लेझर आज व्याख्यात्याच्या खिशातल्या पॉइंटरमध्ये असतो. कृत्रिम माणकाचा खडा घेऊन त्यावर हा पॉइंटर मारला आणि डोळ्यापुढे लाल काच धरली, तर अंधाऱ्या खोलीत तो खडा निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. सटाण्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे दुपारभरात दाखवता येईल. महाग आहे ते दुसरंच. कुठल्या लेपात, किती चक्रांनंतर, रेषा किती सरकली म्हणजे पोपडा जवळ आला, याची वर्षानुवर्षांची नोंदवही महाग आहे. ती विकत मिळत नाही. आपल्याकडे एकस्फटिकी पाती ओतण्याची विद्या आली. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी साठ पाती एचएएलला दिल्याचं एप्रिल २०२१मध्ये जाहीर झालं. पात्याइतकीच त्याच्या लेपाच्या म्हातारपणाची नोंदही आपली आपणच ठेवायला हवी, कारण आपली धूळ आपली आहे, आणि दुसऱ्याच्या वाळवंटात काढलेला आलेख बागलाणच्या बेसाल्टाला लागू पडेलच असं नाही.

तेव्हा मित्रांना माझा एक व्यवहाराचा प्रस्ताव आहे, आणि त्यात त्यांची करवतही कामाला येते. सेवेतून बाद झालेलं पातं त्यांनी खुशाल कापावं. पण कापण्याआधी त्याच्यावर हिरवा ठिपका फिरवून लाल रेषांचा नकाशा काढावा, अवरक्त कॅमेऱ्यातले डाग त्यावर टिपावेत, आणि प्रत्येक डागाखाली काय सापडेल ते पेन्सिलने आधी लिहून ठेवावं. मग चक्ती चालवावी. नकाशा आणि कापलेला छेद शेजारी शेजारी ठेवावेत, जिथे जुळले नाहीत तिथे खूण करावी, आणि पुढचं पातं घ्यावं. पुरेशी पाती झाली की कोणत्या रेषेवर विश्वास ठेवायचा ते वहीच सांगू लागेल, आणि त्यानंतर येणारं पातं, जे अजून उडायचं आहे, त्यांच्या टेबलावरून न कापता परत इंजिनात जाईल.